पंचाक्षरीचा उंच एरंड

इरम्माचा बैल ऐन पेरणीच्या तोंडावर मेला, अन् तो काय आपसूक मेला न्हाय. गव्हाणीत भुश्यामधी एरंडीची पेंड कालवलेली सापडली. ती जनावराला विष असती, हे जळकोटातलं शेंबडं पोरगं बी सांगेल. कालवणारा कोण? तिचा सख्खा दीर, पंचाक्षरी! पण डोळ्यानं बघितलं कुणी? निजामाच्या तहसिलीत जावं तर कागद उर्दूत, अन् साक्षीदार एक न्हाय.

बैल गेला, नांगर अडला. "वैनी, तुमचं माळाचं रान पडीक पडंल, म्या करतो," म्हणत पंचाक्षरी रानात शिरला, तो मालकच होऊन बसला. नवऱ्यामागं इरम्माला तेवढंच रान होतं. ती रडली न्हाय. ह्या मेल्याला ह्याच्याच पायानं बाहेर काढीन, असं मनाशी म्हणत ती दातओठ खात पंचांपुढं उभी राहिली.

महादेवाच्या देवळात पंचांतल्या शरणबसप्पांनी जाब विचारला, तशी पंचाक्षरीनं मिशीवर ताव दिला. लढाईतल्या विमानांना एरंडेल लागायचं, त्यापायी तेव्हा एरंडीवर व्यापारी तुटून पडत होते. "रान कसंल त्याचं! शिवरात्रीला गाडीभर एरंडी काढून दावतो. न्हाय निघाली तर रान सोडलं!" असं म्हणून त्यानं पिंडीवरचा बेल उचलला. बेल उचलला म्हणजे शब्द फिरवायची सोय न्हाय.

गावाची रीत अशी, की रानाचं बियाणं रानाच्या मूळ घरातनंच उचलायचं. पंचाक्षरी इरम्माच्या दारी आला. तिनं दोन मडकी पुढं ठेवली. एकात माळावरचं बारीक बी, दुसऱ्यात तेर गावच्या मावशीनं दिलेलं, टपोरं. तिकडं तेरणा नदीकाठी भरपूर ओल, तिथला एरंड सावकाश झाड होतो अन् सावकाशच फळतो. माळावर दसऱ्यानंतर पाऊस कुठला? पण पंचाक्षरीनं जन्मभर ज्वारीच केलेली. "टपोरं माझं. ते किडकं राहू द्या तुमाला," तो हसत म्हणाला. इरम्मानं टपोऱ्याचं मडकं त्याच्यापुढं सरकवलं. कशाला सांगावं?

पंचाक्षरीचा एरंड डोक्याच्या वर गेला. "दिरानं जंगल उठवलं की गं!" बाया चिडवायच्या. इरम्मानं परसात बारीक बी लावलं होतं. पौषात त्याची बोंडं अंगणातल्या उन्हात तडतडून फुटली. दिराच्या झाडांना तेव्हा कुठं घोस धरत होते.

शिवरात्रीला पंच रानात गेले. बोंड फोडलं की आत पांढरं पाणी. पंचाक्षरीचं तोंड उतरलं. "वैनी, एक महिना द्या! अवकाळीनं ओल झालीया, समदं भरंल!"

खरंच भरलं असतं. इरम्माला ते पक्कं ठाऊक होतं.

"बेल उचललाय तुमी, भावजी."

तो मान खाली घालून बांधावर गेला. रान इरम्माचं झालं. तिनं लगोलग कुऱ्हाड उचलली अन् पहिलंच झाड आडवं केलं.

"अगं बये!" शरणबसप्पा ओरडले. "आता पीक तुझंच हाय! महिन्यानं गाडी भरंल, त्यात बैल येईल तुला!"

"येऊ दे न्हायतर न येऊ दे. त्याच्या हातचं एक बोंड नको मला!"

ती तोडत सुटली. तळहाताला फोड आले, फुटले, तरी थांबेना. पंचाक्षरीला ते बघवेना. तो घराकडं वळला.

"थांबा की भावजी," इरम्मा घाम पुसत म्हणाली, "अजून निम्मं रान हाय. बघून जा."