सात हात रंग

रंगाऱ्याने जुनी गाडी घरी आणली तेव्हा ती खोकत का होईना, चालत आली होती. नवी करायची म्हणून दोन वर्षं खपून त्याने तिला, बॉनेटखालच्या कोपऱ्यांसकट, रंगाचे सात हात दिले. गाडी आरशासारखी चमकली, पण चालू म्हणून होईना. नवी बॅटरीसुद्धा घालून झाली. मेकॅनिकला दाखवा म्हटलं की तो बायकोच्या अंगावर यायचा, "मला अक्कल शिकवू नकोस!"

शेवटी चाकाला लाथ मारून, चरफडत, त्याने ती निम्म्या किमतीत एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला विकली.

पैसे देऊन टॅक्सीवाल्याने बॉनेट उघडलं. बॅटरीची वायर पत्र्याला जोडणारा बोल्ट सोडवला, खालचा रंग बोटभर खरवडला आणि बोल्ट पुन्हा आवळला.

"रंगातून करंट जात नाही, मालक," म्हणत त्याने चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली.

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. रंगारी मात्र त्या खरवडलेल्या जागेकडे बोट दाखवत ओरडला, "अहो, रंग कशाला खराब केलात माझा?"