उघडं खोकं

लोकांची घरं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवायची, हा आमचा धंदा. सासऱ्यांनी सुरू केला, आता मी, नवरा आणि धाकटा दीर मिळून चालवतो. बघणाऱ्याला वाटतं यात ताकदीचं काम फार. तसं काही नाही, सगळा खेळ खोक्यांचा. सासरे सांगायचे, "उघडं खोकं म्हणजे उद्याचं भांडण." उघड्या खोक्यात कोणीही काहीही टाकतं, कोणीही काहीही काढतं, आणि शेवटी चहाची गाळणी सापडली नाही की गिऱ्हाईक आमच्या नावानं खडे फोडतं. म्हणून आमच्याकडे नियमच आहे. जाता-येता उघडं खोकं दिसलं की बंद करायचं, टेप मारायची आणि पुढे व्हायचं. कोणी भरलं, काय भरलं, विचारत बसायचं नाही.

टेप मारण्याची मात्र प्रत्येकाची आपली तऱ्हा. नवरा टोक दाबून असं सपाट चिकटवतो की सुरीशिवाय ते खोकं देवालाही उघडायचं नाही. दीर दातांनी तोडतो, त्याचं टोक उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतं. मी टोक जरासं दुमडून त्याला कान ठेवते. ज्याला उघडायचंय त्यानं कान धरून ओढावा, झालं. नवऱ्याच्या मते यात टेप वाया जाते. संसारात एवढं काय काय वाया गेलं, तिथे बोटभर टेपेचं काय घेऊन बसलात, असं मी त्याला ऐकवलेलं आहे.

आता मालकांबद्दल सांगते. मालक म्हणजे आमचा बोका. राखाडी, अंगानं भरलेला, एका कानाला खाच पडलेली. सासरे गेले त्यानंतर हा एक दिवस गोदामात आला आणि थेट त्यांच्या खुर्चीत जाऊन बसला. दीर म्हणाला, "घ्या, मालक आले," आणि तेच नाव पडलं. तेव्हापासून तो सासूबाईंचा. गिऱ्हाइकाचा फोन आला, "मालक आहेत का?" तर सासूबाई शांतपणे सांगायच्या, "झोपलेत." आणि फोन ठेवून द्यायच्या. यात आमची दोन-तीन कामं गेली असतील.

या बोक्याला मी कधी ओरडताना ऐकलं नाही. मुकाच म्हणा ना. खाताना खायचा, ते झालं की पुढचा पाय चाटायला घ्यायचा, आणि तो पाय चाटून होईपर्यंत जगात दुसरं काही नसायचं. माझं उलट. एका हातात घास, दुसऱ्या हातात फोन, डोळे दाराकडे आणि डोकं उद्याच्या ट्रकमध्ये. मी काय जेवले हे संध्याकाळी कोणी विचारलं तर मला सांगता यायचं नाही. सासूबाई बोक्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "बघ, शीक काहीतरी त्याच्याकडून." मी म्हणायचे, "आई, त्याला कोणाचे फोन येतात?"

तर यंदा आम्ही स्वतःचं घर बदललं. आयुष्यभर लोकांची घरं हलवली, स्वतःचं हलवायला आता मुहूर्त लागला. नवं घर मला फार हवं होतं. दोन खोल्या जास्त आणि मोठ्या खिडक्या. सासूबाई मात्र जुनं घर सोडायला तयार नव्हत्या. बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर म्हणाल्या, "मालक जिथे राहील तिथे मी राहीन. त्याला नाही मानवलं तर मला परत आणून सोडायचं." मी कबूल झाले. बोक्याला न मानवायला काय झालं?

गिऱ्हाइकाच्या खोक्यावर आम्ही चारही बाजूंनी लिहितो, आत काय आहे, कुठल्या खोलीत जायचंय. स्वतःच्या खोक्यांवर एक अक्षर लिहिलं नाही. आपलंच तर आहे, कळेल की. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

निघायच्या दिवशी मी सकाळपासून फोनवर होते. एका दंतवैद्याला त्याचा दवाखाना हलवायचा होता आणि रुग्णाला बसवायची ती खुर्ची कशी नेणार हे तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता. मी फोन मान आणि खांद्यात धरून खोकं बंद करत होते, दुसरं ओढत होते. सासूबाईंनी बोक्याला त्याच्या झाकणाच्या टोपलीत ठेवलं, पण झाकण लावलं नाही, कारण बंद झाकण त्याला खपत नाही. निघताना लावू म्हणाल्या आणि शेजारच्या शिक्षिकाबाईंचा निरोप घ्यायला गेल्या. परत आल्या तर झाकण लावलेलं, कडी घातलेली आणि टोपली ट्रकमध्ये पुढे, सीटच्या मागे ठेवलेली. त्या पुढे बसल्या आणि सगळा रस्ताभर मागे वळून त्याच्याशी बोलत राहिल्या. बाहेर काय दिसतंय, पूल कसा आहे, नवं घर किती लांब आहे. तो गप्प होता, पण तो नेहमीच गप्प असतो.

नव्या घराच्या रिकाम्या खोलीत त्यांनी टोपलीचं झाकण काढलं. आत जुना टॉवेल होता, एवढंच.

त्या ओरडल्या नाहीत. टॉवेल उचलून त्याखाली बघितलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मालक कुठंय गं?" आणि अशा वेळी मी जे करते तेच केलं, सगळ्यांवर ओरडायला लागले.

"भाऊजी, टोपली तुम्ही उचललीत ना? एवढा जाडजूड बोका, टोपली हलकी लागली नाही?"

"वहिनी, सकाळपासून कपाटं उचलतोय. मला आता काहीच जड लागत नाही."

"झाकण कोणी लावलं मग?"

"मी उचलली तेव्हा लावलेलंच होतं."

"अहो, तुम्ही लावलंत?"

नवरा म्हणाला, "मी टोपलीच्या जवळपासही नव्हतो." झाकण लावणारा कोणी सापडेना. मी म्हणाले, या घरात एक माणूस धड लक्ष देऊन काम करेल तर शपथ. आणखीही बरंच बोलले, ते आता आठवलं की मान खाली जाते.

जुन्या घराची किल्ली शिक्षिकाबाईंकडे होती. त्यांना फोन केला. बिचाऱ्या लगेच खोल्याखोल्यांतून फिरल्या, जिन्याखाली बघितलं, गच्चीवर जाऊन आल्या. "नाही हो. रिकाम्या घरात लपायला कोपरा तरी कुठे उरलाय?" म्हणजे एकच शक्यता राहिली. कुठल्यातरी उघड्या खोक्यात तो जाऊन बसला आणि कोणीतरी ते खोकं बंद केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण आमचा हा कळसा टेप मारलेल्या खोक्यात होता, खोकं छतापर्यंत रचलेल्या ट्रकमध्ये, आणि ट्रक भर दुपारी उन्हात दारं लावून आलेला. आमची टेप अशी असते की आत मुंगी शिरणार नाही, अशी फुशारकी मी गिऱ्हाइकांपुढे मारत असते. आता तीच मला आठवली. हवा तरी मिळत असेल का त्याला? त्याच्यावर पुस्तकांचं खोकं ठेवलं असेल तर?

आम्ही तिघं ट्रकवर तुटून पडलो. खोकी ओढून अंगणात टाकायला लागलो, एकावर एक, जशी येतील तशी. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाचं एक खोकं आम्ही असं आदळलेलं नाही. मी "मालक, मालक" अशा हाका मारत होते. वरच्या खिडकीतून एक गृहस्थ डोकावून म्हणाले, "मालक पलीकडच्या गल्लीत राहतात. भाड्याचं काही आहे का?" दीर त्यांना काहीतरी समजावायला लागला. इकडे नवऱ्यानं सुरी काढून पहिल्या खोक्याच्या टेपेवर टेकवली.

"सुरी खाली ठेव," सासूबाई दारातून म्हणाल्या. "तो वरच बसलेला असला म्हणजे?"

नवऱ्यानं सुरी खाली ठेवली.

सासूबाई अंगणात आल्या, एका खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "बसा सगळे."

"आई, बसायला वेळ आहे का आता? आत जीव गुदमरत असेल त्याचा."

"म्हणूनच म्हणते. तुम्ही एवढी आदळआपट करताय, त्यात तो पाय आपटेल नाहीतर नखं मारेल तरी ऐकू कोणाला जाणार आहे? बसा. बसा म्हणजे बसा."

आम्ही बसलो. दीर ट्रकच्या फळीवर, नवरा जमिनीवर, मी सासूबाईंच्या शेजारी. लगेच माझा फोन वाजला. दंतवैद्य. हात सवयीनं कानाकडे निघाला होता, मध्येच थांबवला आणि फोन बंद करून टाकला. बंद केला की फोनचा उजेड मावळतो आणि काच काळी होते, हे मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

आधी मला फक्त माझा श्वास ऐकू आला, धापा टाकल्यासारखा. मग ट्रकचा तापलेला पत्रा निवताना कुठेकुठे टकटक वाजत होता ते ऐकू आलं. वरती कोणाचा तरी नळ ठिबकत होता. माझं डोकं मात्र पुढे धावत होतं. सापडला नाही तर सासूबाईंना काय सांगायचं, मेलेला सापडला तर काय करायचं, त्या इथे एक दिवसही राहणार नाहीत. माझा पाय सारखा हलत होता. सासूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला.

"पुढचं नको," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ता ऐकू येतंय तेवढंच ऐक."

मी प्रयत्न केला. टकटक. ठिबक. कुठेतरी सायकलची घंटी. दीर नाकानं श्वास घेतोय. आणि मग या सगळ्याखाली आणखी एक आवाज होता, इतका बारीक की तो आधीपासूनच असावा. घुर्र. थांबला. घुर्र.

दीर माझ्याकडे बघायला लागला. त्यालाही ऐकू आला होता.

"घोरतोय," सासूबाई म्हणाल्या. "झोपलाय मेला."

तरी कोणी उठून धावलं नाही. हळूच ट्रकपाशी गेलो आणि एकेका खोक्याला कान लावत सरकलो. पुठ्ठा उन्हानं कोमट झाला होता. मधल्या रांगेतल्या एका खोक्यापाशी नवऱ्यानं हात वर केला. वरची खोकी अलगद उतरवली, ते खोकं दोघांनी लहान मूल उचलावं तसं उचलून खाली आणलं आणि सासूबाईंपुढे ठेवलं.

टेपेच्या टोकाला दुमडलेला कान होता.

ते माझ्या हातचं काम आहे हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी तासभर मारल्या होत्या. मग मला टोपलीही आठवली. उघडं झाकण, माझा हात, लावलेली कडी, आणि कानात दंतवैद्य. दोन्ही वेळा माझे डोळे तिथे होते, पण मी नव्हते. मला वर बघवेना. कोणी तरी काहीतरी बोलेल म्हणून थांबले. नवऱ्यानं सुरी घडी करून खिशात टाकली, बस.

"ओढ ना," सासूबाई म्हणाल्या. "बरं झालं तू कान ठेवतेस. सुरी लागत नाही."

मी कान धरून टेप ओढली. आत आमचे थंडीचे स्वेटर होते आणि त्यांच्यावर मालक, गोल वळून, नाक शेपटीत खुपसून. उजेड आला तसा त्यानं एक डोळा उघडला, आमच्याकडे बघितलं, जांभई दिली आणि कूस बदलून पुन्हा झोपला. माझा जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे असा की मी तिथेच मातीत बसून रडायला लागले, आणि रडता रडता मला हसू फुटलं, कारण आमच्या तिघांच्या तोंडचं पाणी पळालेलं असताना यानं एक अख्खी झोप काढली होती. दीर शिंकरून शिंकरून नाक पुसत म्हणाला, "धूळ फार आहे इथे."

संध्याकाळपर्यंत आम्ही काही लावलं नाही. खोकी अंगणात, आम्ही खोक्यांवर, हातात चहा. तो चहा मला अजून आठवतो, जरा जास्त उकळलेला होता आणि कपाला एक टवका उडालेला होता. मालकांना जाग आली, आळस दिला, घरात शिरून प्रत्येक खोलीचे कोपरे हुंगले. खिडक्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. परत येऊन त्याच खोक्यात बसला आणि पुढचा पाय चाटायला लागला.

"मानवलंय त्याला," सासूबाई म्हणाल्या. "माझी गादी आत टाका."

दुसऱ्या दिवशी दंतवैद्याचा फोन आला, जरा घुश्शातच. "काल फोन बंद का होता तुमचा?"

"आमचे मालक झोपले होते," मी म्हणाले. त्यांची खुर्ची आम्ही नंतर व्यवस्थित नेली.

हल्ली टेप मारण्याआधी मी खोक्यात हात घालून तळापर्यंत बघते. गिऱ्हाइकांना वाटतं ही काही खास पद्धत आहे. नवऱ्याला वाटतं यात वेळ जातो, पण तो बोलत नाही. आणि आमच्या नव्या घरात, बाहेरच्या खोलीत, ते एक खोकं कायम उघडं असतं. सासऱ्यांचा नियम एवढ्यापुरता मोडला आहे. तिथून जाताना माझा हात अजून सवयीनं झाकणाकडे जातो. मग मी थांबते, वाकून बघते. तो आत असतो. जरा वेळ मी तिथेच बसते.