बांधावर फेकलेली घोळ

मी घोळ बोलतेय. जमिनीला बिलगून पसरणारी, लालसर देठांची, जाड इवल्या पानांची. तुमच्या पायाखालून कितीदा गेले असेन. नाव विचारायचं तुम्हाला सुचलं नसेल, इतकंच.

या घरच्या सुनेला रात्र-रात्र झोप लागत नव्हती. मला कसं कळलं? तण काढताना ती एकटीच बोलायची.

"नर्सनं पोरीच्या पापण्या बघितल्या, नखं बघितली. म्हणाली, पांढरी पडलीत, रक्त कमी आहे. गोळ्या दिल्या, वर पालेभाज्या खायला घाला म्हणे. आणायच्या कुठून? बाजार आठवड्यातून एकदा, आणि घरी येईपर्यंत भाजीनं मान टाकलेली. एवढी पदवी घेतली, पण चार वर्षांच्या पोरीच्या पोटात काय घालावं ते कळेना. रात्रभर नुसती आढ्याकडे बघत पडते."

असं म्हणत तिनं मला मुळासकट उपटलं आणि बांधावर भिरकावलं.

तेवढ्यात मी तिची बोटं जवळून पाहिली. तिचीही नखं कागदासारखी पांढरी होती. पण तिच्याकडे कोण बघतंय?

उपटल्यावर मी लगेच मरत नाही. पानांत साठवलेल्या पाण्यावर बांधावरच फुलले. सकाळी उघडून दुपारी मिटणारं पिवळं, एवढंसं फूल. मग बी धरलं. ते इतकं बारीक की फुंकरीनं उडावं. मातीत ते वर्षानुवर्षं गप्प पडून राहतं आणि उजेडाची तिरीप लागली की जागं होतं. त्याला उजेडात आणतं कोण? तिचंच खुरपं. जे पातं मला उपटतं, तेच माझ्या लेकींना उठवतं. याचं नवल मला अजून पुरतं ओसरलेलं नाही.

नवव्या दिवशी भाजीताई आली. विसरलेल्या पालेभाज्या पुन्हा ताटात याव्यात म्हणून लहान शेतकऱ्यांच्या घरोघर फिरणारी ही बाई. खरं नाव कुणी विचारलंच नाही. तिनं सुनेला विचारलं, "तुमच्या शेतात आपोआप उगवणाऱ्या भाज्या कुठल्या?"

"छे हो! आमचं शेत अगदी स्वच्छ," सून अभिमानानं म्हणाली. "मी स्वतः खुरपते. एक काडी दिसणार नाही."

भाजीताई बांधावर टेकली आणि ताडकन उठली. बसली होती ती माझ्यावर.

"अगं, हे काय?"

"तण आहे ते. आठ-नऊ दिवस झाले फेकून."

भाजीताईनं मला उचलून उलटं धरलं. खाली नवी, पांढरी मुळं फुटली होती.

सून बघतच राहिली. "नऊ दिवस! पाणी नाही, पाऊस नाही, कुणी विचारलं नाही... माझी पोर एक वेळ जेवली नाही तर माझा जीव खालीवर होतो, आणि ही..." मग पोरीची नखं, गोळ्या, बाजार, सगळंच तिनं भाजीताईला सांगून टाकलं.

"अगं, ही घोळ, पालेभाजीच आहे ही! जिच्यासाठी बाजार पालथा घालतेस, तिला रोज फेकतेस की गं!" भाजीताई म्हणाली. " पण ओळखून घे. देठ मोडल्यावर दूध निघालं तर ती घोळ नव्हे, हात लावायचा नाही. आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत."

सुनेनं देठ मोडून पाहिला. एकदा नव्हे, सात वेळा. शिकलेली ना!

मागे येऊन उभ्या राहिलेल्या सासूबाई कुजबुजल्या, "लहानपणी आम्ही हीच खायचो. पण बाहेर बोलू नका हं. पाहुण्यांच्या ताटात तण वाढतात म्हणतील."

"मग पाहुण्यांना नका वाढू," भाजीताई म्हणाली. "नातीला वाढा."

सुनेनं माझा एक देठ स्वयंपाकघराच्या दाराशी गळक्या डब्यात खोचला. तीच मी, आता तुमच्याशी बोलणारी. बाकीची मी तिनं तीनदा धुतली, चिरली, लसणाच्या फोडणीत टाकली. डब्यातली मी कढईतल्या मला बघत होते. भीती वाटायला हवी होती, पण ऊर भरून आला. आजवर मातीत गेले, गुरांच्या पोटात गेले. माणसाच्या लेकराचं रक्त व्हायला मला कुणी बोलावलं नव्हतं.

माझं मागणं एवढंच. उपटा, खुशाल उपटा. पण फेकण्याआधी क्षणभर हातात धरून बघा.

तर, पोर ओठ घट्ट मिटून बसली होती. "आ कर गं राणी. आ कर." सून घास धरून हात अवघडेपर्यंत थांबली. कधीतरी ओठ उघडले. पोरीनं चावलं. गिळलं. सासूबाईंची पळी हवेतच राहिली.

"कशी लागली गं?"

पोरीनं आईचा हात ओढला, नखं निरखली, आपल्या नखांशेजारी लावून बघितली. मग ताटातला घास स्वतः उचलला आणि आईच्या तोंडाशी नेला.

"तुझी पण पांढरी आहेत. आ कर."