मशीनच्या ठेक्यावर

मुलाने नवे स्पीकर आणले आणि माझ्याच शिवणाच्या खोलीत मी उपरी झाले. त्याने जमिनीवर चिकटपट्टीने फुली मारली. आवाज म्हणे तिथेच सगळ्यात नीट ऐकू येतो, म्हणून खुर्ची त्या फुलीवरच ठेवायची आणि गाणं चालू असताना शिलाई मशीन बंद. गुणगुणायचं तर नावच काढायचं नाही.

"गाणं ऐकायचंय की एक्स-रे काढायचाय?" मी विचारलं.

मग त्याने त्याच्या बाबांची कॅसेट लावली. हे जाऊन सहा वर्षं झाली. याच खोलीत हे गायचे, मी शिवायचे आणि टेपवर रेकॉर्डिंग चालू असायचं. नव्या स्पीकरमधून ह्यांचा श्वाससुद्धा ऐकू आला. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. पण मागून स्पष्ट खडखडही आली.

मुलगा म्हणाला, "आई, ही खडखड कॉम्प्युटरवर पुसून टाकतो. मग बाबा एकदम स्वच्छ ऐकू येतील."

"हात तर लावून बघ! ती खडखड म्हणजे मी आहे."

मी फुलीवरची खुर्ची उचलून मशीनपाशी नेली, शर्टाची बाही सुईखाली सरकवली आणि पाय मारला. पुढची ओळ ह्यांनी अगदी ठेक्यात उचलली.