उतरवलेला चुडो

“चुडो कायले पाह्यजे तुले?” मानीबाईनं विचारलं.

हंसाबाई उंबऱ्याशीच उभी होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. भाव पडल्यामुळे यंदा तांड्यात कुणी कापूस विकलाच नव्हता. कापूस घरात आणि माणसं अंगणात, असा कारभार चालला होता. मानीबाई, तिची सासू, कापसाच्या ढिगाला टेकून बसली होती. हंसाबाई तिला याडी, म्हणजे आई म्हणायची.

“पुसदले सत्कार हाय माझा, याडी. तांड्यातली पयली नर्स म्हणून. ते म्हणते, बंजारा पोशाखात या.”

म्हणणारा प्रफुल्ल, सत्कार समितीचा उत्साही चिटणीस. “मॅडम, परंपरा मोडणाऱ्या स्त्रियांचा गौरव आहे. पारंपरिक वेशात आलात तर फोटो झकास येतील!” परंपरा मोडली म्हणून शाल, आणि ती घ्यायला यायचं परंपराच अंगावर घालून. हंसाबाईला हसू आलं होतं. तरी ती निघाली, कारण या निमित्तानं सासूच्या दारात जाता येणार होतं. एरवी मानीबाई तिला आत ये म्हणत नव्हती.

दंडावरचा हाडाच्या बांगड्यांचा चुडो नवरा गेल्यावरच उतरायचा, ही तांड्याची रीत. पण नर्सिंगच्या शाळेत मेट्रननं पहिल्याच दिवशी बजावलं, बाळंतपणं करायची तर हात खांद्यापर्यंत धुता आले पाहिजेत. हंसा रडत घरी आली. रामसिंगनं, तिच्या नवऱ्यानं, भर अंगणात सगळ्यांदेखत तेल लावून एकेक बांगडी उतरवली. “रडू नोको. नोकरी सुटली का मीच घालून देईन.”

तांड्यानं दोघांच्या तोंडात शेण घातलं. पोरगा धडधाकट असताना सुनेचे हात मोकळे! त्याच हातांनी हंसानं पुढं तांड्याची पोरं जगात आणली, दिराचीसुद्धा. लग्नात हळद लावायला मात्र तिला कधी कुणी बोलावलं नाही. रामसिंग तेवढा रोज दवाखान्याबाहेर सायकल धरून उभा असायचा.

निवृत्ती तोंडावर आली आणि त्याला ताप भरला. तेवढ्यात फुलसावंगीहून अडलेल्या बाईचा निरोप आला. “आल्यावर सलाईन लावते,” म्हणून ती गेली. बाई वाचली, बाळही वाचलं. ती परतली तेव्हा रामसिंग गेला होता. पेशंट म्हणून दुसऱ्या कुणाला इतका ताप असता, तर ती त्याला सोडून जागची हलली नसती. हे तिला ठाऊक होतं, आणि तेच तिला खात होतं.

मानीबाईनं कापसात हात खुपसून एक पत्र्याची पेटी ओढून काढली. आत रामसिंगचा जुना फेटा होता, आणि फेट्यात हंसाचा चुडो. बांगड्या अजून चकचकीत होत्या.

“त्यानंच ठेवाले देल्ला होता. दर दिवाळीले येऊन तेल लावे. म्हने, हाडाले चीर जाते.”

हे तेल लावणं हंसाबाईला माहीतच नव्हतं. तिनं चौकट धरली.

“आता घालतं का हे? फोटोसाठी?”

“कशी घालू, याडी? घालून देणाराच नाई राह्यला. पांढऱ्या लुगड्यातच जाईन मी.”

मानीबाईनं एकेक बांगडी चाचपली.

“पोरगं गेलं तवा वाटलं, तुह्या मोकळ्या हातांनंच गेलं.”

“आता?”

“आता बी वाटते कधी कधी.”

“मले बी वाटते,” हंसाबाई म्हणाली. “हातांनं नाई. मी त्याले तापात सोडून गेली म्हणून.”

म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. मग दोन्ही हातांनी कापूस मागं लोटून जमीन मोकळी केली.

“ये, बस. यंदा कोनीच तेल लावलं नाई ह्या चुड्याले.”

तेलाची वाटी पुढं आली. हंसाबाईनं सवयीनं आधी पाणी मागितलं, आणि हात धुतले, पार खांद्यापर्यंत.