सातवी चूक

घरातून निघताना "जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावं, ही गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. इंग्रजीला ती कळत नाही. त्यात त्या भाषेचा काही दोष नाही म्हणा. ज्याची त्याची रीत. पण या एका शब्दापायी एका घरात जे झालं, ते आठवलं की आजही वाटतं, शिकवण्याची खाज माणसाला इतकीही नसावी.

त्या घरातली सून मुळात शाळामास्तरीण. आपल्या मुलखात तिने अठरा वर्षं चौथीचे वर्ग सांभाळले. मग नवऱ्याला बसच्या कारखान्यात मेकॅनिकची नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड या परक्या देशात आलं. इथे तिच्या शिकवण्याला कोण विचारतो? खडूने पांढरे होणारे हात अकरा वर्षं एका हॉटेलच्या तळघरात चादरींना इस्त्री करत राहिले. तिथे तिला कुणी "बाई" म्हणायचं नाही. "अहो, तीन नंबर" म्हणायचे, कारण तिचं टेबल तिसरं. एकोणपन्नासाव्या वर्षी तिने मनाचा हिय्या केला आणि नव्याने आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवण्याच्या सर्टिफिकेटसाठी नाव घातलं. पुन्हा वर्गात उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं. त्याहून जास्त काही तिने आयुष्याकडे मागितलेलं नव्हतं.

कोर्सचं शेवटचं काम असं, की एक शिकणारा निवडायचा, तीन महिने त्याला शिकवायचं, त्याच्या सात चुका एका तक्त्यात मांडायच्या आणि त्यातली निदान एक मुरलेली चूक सुटली हे दाखवायचं. तक्त्यात शेवटचा रकाना पुराव्याचा. धड्यातलं वाक्य चालणार नाही. शिकणारा एरवी बोलताना जे बोलला ते हवं, तारीख, वेळ आणि जागेसकट.

तिने निवडले आपले सासरे. मामंजी जन्मभर शिंपी, वय अठ्ठ्याहत्तर, जीभ कात्रीसारखी. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडली, की एरवी "अगं सूनबाई" करणारे मामंजी एकदम "अहो बाई" वर यायचे.

"अहो बाई, या इंग्रजीचं कापडच आखूड. देवालाही यू आणि कुत्र्यालाही यू. एवढ्याशा ताग्यात माणसं बसवायची कशी?"

मोठ्या भावाबद्दल बोलताना ते "दे" म्हणत, म्हणजे अनेकवचनी. "मामंजी, भाऊ एक आहे ना? मग 'ही' म्हणायचं," असं तिने सांगितलं, तर म्हातारा उखडला. "थोरल्या भावाला अरे-तुरे करू? वर गेल्यावर त्याला तोंड काय दाखवू?"

तक्त्यातली ही दुसरी चूक. सातवी चूक दारातली. उंबऱ्यावर फक्त इंग्रजी, असा तिने नियमच केला होता. मामंजी रोज सकाळी फिरायला निघत, चपला चढवत आणि ठणकावून सांगत, "आय ॲम कमिंग!"

"गोइंग, मामंजी."

"कमिंग."

बाकीच्या सहा चुका वहीत सुधारत आणि वहीबाहेर ये रे माझ्या मागल्या. सातवी तर ते वहीतही सुधारायला तयार नव्हते. पण कोर्सच्या मॅडमनी सांगितलं होतं, की रोज घडणारी चूक हाती घ्या, म्हणजे पुरावा लवकर मिळेल. म्हणून तिने नेमकी तीच धरली. तिला कळत नव्हतं असं नाही. तिचं माहेर काही दुसऱ्या भाषेतलं नव्हतं. पण समोर तक्ता आला, की माणसाला तक्त्यातलंच दिसतं.

एके दिवशी कहर झाला. जिन्यात शेजारची म्हातारी भेटली, तिला मामंजींनी जाता जाता हात हलवून सांगितलं, "आय ॲम कमिंग." बिचारीला वाटलं, हे गृहस्थ आपल्याकडे येतायत. तिने चहा टाकला, दोन कप मांडले आणि दार उघडं ठेवून तासभर वाट पाहिली. हे कळल्यावर मामंजी पोट धरून हसले. सुनेला मात्र हसू आलं नाही. तक्ता द्यायला बारा दिवस उरले होते.

"लोक आपल्याला हसतात, मामंजी! माझं सर्टिफिकेट तुमच्या एका शब्दावर अडलंय. एकदा गोइंग म्हणालात तर काय आभाळ कोसळणार आहे का?"

मामंजी हळूच म्हणाले, "तुझी सासू आयुष्यभर येते म्हणून गेली आणि दर वेळी परत आली. एकदाच काही न बोलता गेली. मला नाही जमत गं ते."

यावर चांगल्या सुनेने वही मिटायला हवी होती. ही सून चांगली होती, पण त्या घडीला ती बाई होती. तिने वर्गातला जुना उपाय काढला. चुकीला दाद द्यायची नाही. मामंजी "कमिंग" म्हणाले, की आजवर हुज्जत झाली तरी शेवटी नियम विसरून ती आतून "या" म्हणत असे. दुसऱ्या दिवसापासून तिने ते बंद केलं. मामंजी दारात थोडा वेळ थांबायचे, आतून काही येत नाही म्हटल्यावर जिना उतरायचे. असे नऊ दिवस गेले.

नवव्या संध्याकाळी मामंजींच्या पोटात कळ उठली. पित्ताशयाला सूज आली होती. डॉक्टर म्हणाले, नेहमीचं ऑपरेशन आहे, सकाळी करून टाकू. नवरा कागदांवर सह्या करायला खाली गेला होता, तेव्हा मामंजींना चाकाच्या खाटेवरून न्यायला आले. दुसरा मजला, हिरव्या भिंतींचा लांब बोळ, सकाळचे आठ वाजून वीस मिनिटं. सून खाटेच्या कडेला हात धरून चालत होती.

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी नर्सने वाकून विचारलं, "रेडी?"

मामंजींनी आधी सुनेकडे पाहिलं. डोळे मिचकावले. मग अगदी शब्द न् शब्द मोजून, शाळेतल्या हुशार मुलासारखे म्हणाले, "येस. आय ॲम गोइंग."

नर्सला त्यात काय नवल असणार? ती हसली आणि दार ढकललं.

"लिहून घ्या, बाई," मामंजी मराठीत म्हणाले. "वेळ बघून ठेवा."

आणि ती बाई, काय सांगावं, तिला आनंद झाला. खरा, निखळ आनंद. "शाब्बास, मामंजी!" ती म्हणाली आणि तिने खरोखर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळावरून नजर वळली तेव्हा खाट आत गेली होती आणि दाराच्या दोन्ही फळ्या मिटल्या होत्या. "मामंजी, येतो म्हणा! या लवकर!" ती दारापाशी जाऊन ओरडली. आतून कुणी ओ दिली नाही. एक माणूस बाहेर आला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं.

ऑपरेशन नीट झालं, हृदयाने दगा दिला. दुपारी दोनच्या सुमारास सगळं संपलं.

मॅडमना तिने फक्त घरी अडचण आहे एवढंच कळवलं. त्यांनी तीन आठवड्यांची मुदत वाढवून दिली. तक्ता टेबलावर पडून होता. एका संध्याकाळी नवऱ्याने तिच्यासमोर पेन ठेवलं. "लिही. बाबा कधी कुणाचं ऐकत नसत. तुझ्यासाठी ऐकलं. ते तरी वाया घालवू नकोस."

तिने पुराव्याचा रकाना भरला. तारीख. आठ वाजून वीस मिनिटं. इस्पितळ, दुसरा मजला. वाक्य: "आय ॲम गोइंग." चूक सुटली का? या प्रश्नापुढे ती बराच वेळ थांबली. मग "हो" लिहून तिने पेन ठेवलं आणि टेबलावर डोकं टेकून पोटभर रडली.

महिन्याभराने ती सर्टिफिकेट आणायला गेली. जाड कागद, खाली निळी सही. पुढच्या सोमवारपासून वर्गही मिळाला होता, सतरा जणांचा. मॅडम खूश होत्या. त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचा तक्ता मी सगळ्यांना दाखवला. इतका चोख पुरावा कुणीच दिला नव्हता. आता काय म्हणतात तुमचे सासरे? तो शब्द नीट वापरतात ना?"

"एकदाच वापरला," ती म्हणाली.

मॅडमना ते विनोदी वाटलं. त्या हसल्या. हिने कागद पिशवीत नीट घातला, उठली, दारापर्यंत गेली. अकरा वर्षांनी हातात हवं ते पडलं होतं आणि घरी ते दाखवायचं ज्यांना, ते मामंजी नव्हते. दाराच्या मुठीवर हात ठेवून ती वळली. निघताना काय म्हणायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं. आता तर तसा छापील कागदच होता तिच्याकडे.

"आय ॲम कमिंग," ती म्हणाली, आणि दार ओढून घेऊन जिना उतरू लागली.

मॅडमना वाटलं, काही विसरलं असेल, येतेय परत. त्यांनी समोरच्या खुर्चीवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या आणि दाराकडे बघत बसून राहिल्या.