आईंच्या हातचं

विकास नगरच्या आमच्या घरात तीन वर्षं झाली, तूप आलेलं नाही. दूध नाही, दही नाही, चहासुद्धा कोरा. तरी दुपारी कुकरचं झाकण काढलं की मला कढवलेल्या तुपाचा वास येतो. आधी वाटलं, शेजारच्या श्रीवास्तवांकडून येत असेल. खिडकी लावून बघितली. वास आतलाच होता. आणि वास आला की समीर येऊन खुर्चीत बसतो.

हसू नका. अंगात येणारी बाई नव्हे मी. चंद्रप्रभा नाव माझं, वय अडुसष्ट, सांगलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली. नवऱ्याच्या एअरफोर्सपायी लखनौला आले, ते गेले तरी इथंच राहिले, मुलाजवळ. भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्यांना जन्मभर फाडफाड बोलले. आणि आता माझाच नातू रोज पानावर येऊन बसतोय, तर सांगणार कोणाला? गेला तेव्हा आठ वर्षांचा होता. आज अकराचा असता, पाय जमिनीला टेकले असते. याचे अजून टेकत नाहीत. पाय हलवत तो नुसता माझ्याकडे बघतो. एकदाचा रागावला असता तर बरं झालं असतं.

समीरला दुधाची ऍलर्जी होती, अगदी तान्हा असल्यापासून. दुधाचा अंश पोटात गेला की ओठ सुजायचे, अंगभर गांधी उठायच्या. वर दमा होताच. धाकट्या आर्यालाही तेच, फक्त दमा नाही. माझी सून स्वरदा डोळ्यांत तेल घालून दोघांना जपायची. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचायची, शाळेत बाईंना भेटायची, लग्नाला जाताना मुलांचे डबे न्यायची. मी म्हणायचे, "अगं, आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं. म्हशीखाली बसून दूध प्यायची पोरं."  ती डबा भरत राहायची.

तीन वर्षांपूर्वी आदेशला, माझ्या मुलाला, बँकेत बढती मिळाली. म्हणून आम्ही लखनौच्याच महानगर भागात, कपूरथला बाजाराजवळच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. स्वरदानं आधी दोनदा फोन केले होते. तिथला आचारी पुत्तीलाल स्वतः बाहेर आला, हात जोडून म्हणाला, "बिटिया, निश्चिंत रहिए, हम कढ़ाही माँज के अलग बनाएँगे." आणि बनवलंनही तसंच. सरसोंच्या तेलातली आलू-गोभी, हिंगजिऱ्याची अरहर दाल, साधा पांढरा भात. सगळ्यांनाच तेच मागवलं होतं.

आमच्यात पानात भात पडला की त्यावर तुपाचा थेंब घातल्याशिवाय जेवत नाहीत. अन्नशुद्धी म्हणतात तिला. थेंब पडेपर्यंत ते नुसतं शिजवलेलं, त्यानंतर ते अन्न. माहेरी, सासरी, साठ वर्षं मी हेच केलं. घरात पोरांसमोर तूप काढायला स्वरदाची बंदी, म्हणून मी आपली देवाच्या कपाटात इवलीशी डबी ठेवायची आणि स्वतःच्या भातापुरतं वापरायची. बाहेर जाताना ती पर्समध्ये. त्या दिवशीही होती. मुलाच्या बढतीचं जेवण, आणि शुद्धी नाही? सून आर्याला हात धुवायला घेऊन गेली होती, आदेश फोनवर होता. मी माझ्या भातावर थेंब घातला, मग आदेशच्या, आणि पुढं हात आपोआप गेला. साठ वर्षांची सवय हो. हात थांबला नाही. इतकंच.

असं मी स्वतःला तीन वर्षं सांगत आले.

दवाखान्यातून आम्ही समीरला आणलं ते गुंडाळूनच. डॉक्टरांनी सांगितलं, दुधाची रिऍक्शन. मग ते आलं कुठून? स्वयंपाकघरातून, आणखी कुठून! पुत्तीलाल शपथा घेत राहिला, मालकानं त्याला काढून टाकलं. आदेशनं तक्रारी केल्या, पेपरात चार ओळी आल्या. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. ताकास तूर लागू दिली नाही कोणाला. डबी नाल्यात फेकली.

आणि माझी शिक्षा काय झाली सांगू? तेराव्यानंतर स्वरदा माझ्याजवळ आली, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "आई, आजपासून आर्या फक्त तुमच्या हातचं खाईल. बाहेरच्या कोणावर माझा भरवसा नाही." मी मान हलवली. मेलेल्या माणसाची मान लटकते ना, तशी.

तेव्हापासून आर्या बाहेरचं पाणीसुद्धा पीत नाही. शाळेच्या सहलीला नाही, मैत्रिणीच्या वाढदिवसाला नाही. तीन वेळचं सगळं मी करते. ओट्याशी मी उभी आणि खुर्चीत समीर, पाय हलवत. पोरगी जेवते आणि मी तिचे ओठ बघत बसते. माझाच माझ्या हातावर विश्वास नाही, आणि सगळं घर त्या हातावर चाललंय.

परवा आर्याला नऊ पूर्ण झाली. भावापेक्षा मोठी झाली ती आता. सकाळीच पाय आपटत म्हणाली, "मम्मा, मुझे होटल जाना है. बस बैठने. खाऊँगी नहीं, पक्का." ते 'खाऊँगी नहीं' ऐकून आदेशच्या डोळ्यांत पाणी आलं. महानगरात एक नवीन जागा झाली होती, तिथं म्हणे ऍलर्जीवाल्यांसाठी भांडी, पोळपाट, फडकी सगळं वेगळं. त्यानं स्वरदाला कसंबसं राजी केलं. अट एकच, आर्या डबा खाईल. डबा अर्थात माझ्या हातचा.

दुपारी साडेबाराला आम्ही जाऊन बसलो. मी आर्याशेजारी, समोर ते दोघं. थंडीचे दिवस, आतून मटारचा आणि सरसोंच्या तेलाचा वास येत होता. स्वरदानं पर्समधून ऍलर्जीवरच्या इंजेक्शनची पेटी काढून टेबलावर ठेवली, पाण्याच्या ग्लासाशेजारी. आर्यानं डबा उघडला, वरणभात आणि बटाट्याची भाजी. तीन वर्षं तेच. तिनं बाजूच्या टेबलाकडे बघितलं. तिथं एक मुलगा तहरी खात होता, पिवळाधमक भात, मटार-फ्लॉवर घातलेला, वाफ येत होती.  आर्यानं चमचा तेवढा हातात धरून ठेवला.

तेवढ्यात आचारी बाहेर आला. चाळिशीचा, कानाशी पिकलेला. माधव म्हणतात असं त्यानं सांगितलं. डब्याकडे बघून तो स्वरदाला म्हणाला, "बहनजी, बच्ची के लिए तहरी बना दें? अलग कढ़ाही, सरसों का तेल. आप अंदर आके खड़ी हो जाइए, अपनी आँख से देख लीजिए."

"नहीं भैया," स्वरदा म्हणाली, "हम लोग बाहर का नहीं खिलाते."

"समझते हैं. हमारे उस्ताद थे, पुत्तीलाल. यहीं कपूरथला में. उनके यहाँ एक बच्चा ख़त्म हो गया था. तब से चूल्हे के पास नहीं जाते. सरोजिनी नगर में बेटी के घर पड़े रहते हैं. दिन भर गिनते हैं, कौन सी कलछी थी, कौन सा कपड़ा था, हाथ कहाँ पोंछा था. हमसे पूछते हैं, माधव, बता, कहाँ चूक हुई?"

तो आमचाच मुलगा, हे त्याला माहीत नव्हतं. आदेशनं मान खाली घातली. स्वरदा पांढरीफटक पडली आणि दातांतल्या दातांत मराठीत म्हणाली, "मोजू दे. मरेपर्यंत मोजू दे त्याला."

आणि मला तुपाचा वास आला. घराबाहेर कधी आला नव्हता. टेबलाच्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीत समीर बसला होता. या वेळी तो माझ्याकडे बघत नव्हता. त्या आचाऱ्याकडे बघत होता, वर मान करून, अगदी टक लावून. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"त्यानं काही केलं नाही," मी म्हणाले.

"कोणी?" आदेशनं विचारलं.

"पुत्तीलालनं. तूप मी घातलं. समीरच्या भातावर. अन्नशुद्धीचं. पर्समध्ये डबी होती माझ्या."

माधव एकदा माझ्याकडे, एकदा त्या दोघांकडे बघत राहिला. मराठी त्याला कळत नव्हती, पण उस्तादाचं नाव कळलं होतं.

"चुकून," आदेश म्हणाला. विचारत नव्हता, विनवत होता. "आई, चुकून पडलं ना?"

आता हो म्हणायचं होतं. हात आपोआप गेला, सवय हो, इतकंच. जिभेवर आलंच होतं. पण खुर्चीतलं पोरगं आता माझ्याकडे बघायला लागलं होतं.

"नाही रे," मी म्हणाले. "त्याच्या पानाशी हात थांबला होता. मला आठवलं होतं. मग मनात आलं, एक थेंब, त्यानं काय होतंय. हिनं उगीच फॅड केलंय. आज पोराला काही झालं नाही की हिचं तोंड बंद होईल. असं म्हणून घातलं. जाणूनबुजून घातलं मी."

स्वरदा माझ्याकडे बघतही नव्हती. टेबलाकडे बघत तिनं अगदी हळू विचारलं, "त्याला खोकला सुरू झाला तेव्हा मी सगळ्यांना विचारलं होतं. दुधाचं काही गेलं का पोटात, म्हणून. तुम्हालाही विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"म्हणून मी पंप दिला. मला वाटलं, दमा आहे. वीस मिनिटं पंप देत बसले मी. इंजेक्शन पर्समध्ये होतं, आई. माझ्या मांडीवर होती पर्स."

 मला भीती वाटली होती. सून काय म्हणेल, मुलगा काय म्हणेल, याची भीती. तेवढ्यासाठी मी 'नाही' म्हणाले. हेही मी त्यांना सांगितलं. शब्द असे बाहेर पडत होते आणि मी रडतही नव्हते. रडायचा हक्क नव्हता मला. आदेश उठून दाराशी गेला, काचेवर कपाळ टेकून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती.

"क्या हुआ?" आर्यानं विचारलं. "आजी ने क्या किया?"

स्वरदा उठली. तिनं डब्याला झाकण लावलं आणि तो बाजूला सरकवला. मग आर्याला खुर्चीसकट ओढून पलीकडे, स्वतःजवळ घेतलं. माधवला म्हणाली, "भैया, तहरी बनाइए. मैं अंदर नहीं आऊँगी. आप बना के ले आइए."

"स्वरदा," मी म्हणाले, "अगं बघून तरी घे आत जाऊन..."

"तुम्ही बोलू नका."

तहरी आली. आर्यानं आधी आईकडे बघितलं, मग ताटलीकडे, मग पहिला घास घेतला. स्वरदानं एका हातात इंजेक्शन धरलं होतं, दुसरा हात पोरीच्या पाठीवर. आदेश परत येऊन उभा राहिला होता. माधव तिथंच, हात फडक्याला पुसत.  पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. आर्यानं ताटली पुसून खाल्ली, ओठाला लागलेला भात चाटला आणि म्हणाली, "और मिलेगा?"

तिला काहीही झालं नाही. साधी ढेकर दिली पोरीनं.

मी टोकाच्या खुर्चीकडे बघितलं. तिथं कोणी नव्हतं. तो कधी उठून गेला ते मला कळलंच नाही, आणि मला जाताना बघायचं होतं त्याला.

स्वरदानं इंजेक्शन पेटीत ठेवलं. माधवकडून कागदावर पुत्तीलालचा पत्ता लिहून घेतला, सरोजिनी नगरचा, गल्लीच्या खुणेसकट. तो तिनं माझ्यासमोर ठेवला.

"आत्ता जायचं," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर बसून सांगायचं. जसं आम्हाला सांगितलंत तसंच. ते 'काय होतंय' पण सांगायचं."

आदेशनं गाडी काढली. मी सवयीनं मागचं दार उघडलं, आर्याशेजारी बसायला. स्वरदानं ते माझ्या हातातून ओढून लावून घेतलं आणि पुढच्या सीटकडे बोट केलं. मी पुढं जाऊन बसले, पट्टा लावला.

गाडी कानपूर रोडला लागली. मग मागून आर्या म्हणाली, "मम्मा, आजी आगे क्यों बैठी है?"